रस्ता दूर गेला, दुकान राहिलें

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या वडिलांनीं गांवाच्या तोंडाशीं, हमरस्त्याला लागून, एक लहानसें दुकान काढलें होतें. मोटारींना लागणारें तेल, टायरांची दुरुस्ती, प्रवाशांसाठीं चहापाणी, असा तो सगळा व्याप. आतां नवा रस्ता गांवाबाहेरून गेला आहे आणि जुन्या रस्त्यानें दिवसांतून मोजक्याच गाड्या जातात. थोरले बंधु म्हणतात, दुकान विकून मोकळें व्हावें. या बाईंना तें पटत नाहीं. "वडिलांनीं उभें केलेलें राखणें याला मी निष्ठा म्हणतें, दादा त्याला हट्ट म्हणतो. आपणांस काय वाटतें ?" असा त्यांचा प्रश्न आहे.

दुसऱ्याच्या घरांतील प्रश्नाला बाहेरून उत्तर देणें सोपें असतें, पण तें क्वचितच उपयोगी पडतें. म्हणून आज उपदेश बाजूस ठेवून आम्ही एक हकीकत सांगणार आहों. ती फार दूरच्या मुलखांतील, अमेरिकेंतील आहे. परंतु तींत बाप आहे, भाऊ आहे, बहीण आहे, रस्त्याकांठचें दुकान आहे, आणि त्या दुकानासमोरून उठून दूर निघून गेलेला रस्ताहि आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. 'गॅस' म्हटला कीं आपल्याकडील गृहिणीच्या डोळ्यांपुढें स्वयंपाकघरांतील टाकी उभी राहते. अमेरिकन मनुष्य मात्र पेट्रोललाच 'गॅस' म्हणतो. 'गॅसोलीन' या लांबलचक शब्दाचें तें आखूड केलेलें रूप आहे. तेव्हां तिकडील 'गॅस-स्टेशन' म्हणजे आपला पेट्रोल-पंपच होय.

पेट्रोल-पंप ही आज इतकी नित्याची गोष्ट झाली आहे कीं, मोटार आधीं आली आणि पंप मागाहून आला, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. १८८८ सालीं जर्मनींत बेर्टा बेंझ या बाई, म्हणजे मोटारीचे एक जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी, आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन आणि यजमानांना न कळवितां मोटारीनें माहेरीं निघाल्या. वाटेंत इंधन संपत आलें. तेव्हां वीस्लोख गांवीं त्यांनीं तें औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें, कारण डाग काढण्याचें द्रव्य म्हणून तें तेथें बाटल्यांतून मिळत असे. अमेरिकेंतहि आरंभीं हीच तऱ्हा होती. किराणा दुकानदार डब्यांतून पेट्रोल देई आणि नरसाळें लावून तें गाडींत ओतावें लागे. इंडियाना प्रांतांतील फोर्ट वेन येथील सिल्व्हेनस बोझर या गृहस्थानें १८८५ सालीं रॉकेल मापून देण्याचा एक हातपंप तयार केला होता. मोटारी वाढल्या तशी तीच कल्पना पेट्रोलला लागू झाली आणि रस्त्यांच्या कडेला पंप दिसूं लागले.

आतां आपल्या हकीकतीच्या गांवीं जाऊं. इलिनॉय प्रांतांत, सेंट लुइस शहरापासून सुमारें ५० मैलांवर, माउंट ऑलिव्ह नांवाचें एक लहान गांव आहे. हा मुलूख कोळशाच्या खाणींचा. १८९८ सालीं जवळच्या व्हर्डन येथें खाणमालक व मजूर यांच्यांत मोठा गोळीबार झाला. त्यांत मेलेल्या मजुरांना माउंट ऑलिव्हच्या, मजुरांच्या संघानें राखलेल्या दफनभूमींत जागा मिळाली. मजुरांची कैवारी म्हणून अमेरिकाभर गाजलेल्या मेरी हॅरिस जोन्स, ज्यांना सर्वजण 'मदर जोन्स' म्हणत, त्यांनीं आपल्यालाहि तेथेंच, त्या मुलांच्या शेजारीं पुरावें, अशी इच्छा प्रकट केली होती. १९३० सालीं त्या वारल्या तेव्हां ती इच्छा पाळण्यांत आली. अशा या गांवांत पोटासाठीं जमिनीखालीं उतरणें हा सर्वसाधारण माणसाचा जीवनक्रम होता.

हेन्री सोल्सबी हे असेच एक खाणकामगार. त्यांचें काम चांगलें चाललें होतें, परंतु एका दुखापतीनें त्यांना खाण सोडून जमिनीवर यावें लागलें. कुटुंब वाढतें आहे, आणि येणारें एकमेव काम आतां शरीराला झेपत नाहीं. अशा वेळीं माणूस बहुधा दुसऱ्याच्या दारीं नोकरी मागावयास जातो. हेन्रींनीं तसें केलें नाहीं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्यास ते माउंट ऑलिव्हला आले आणि आयुष्यभर सांठविलेल्या पैशांपैकीं निम्मे खर्चून त्यांनीं रस्त्याच्या कोपऱ्यावरील दोन भूखंड विकत घेतले. ज्या माणसानें उभें आयुष्य दुसऱ्याच्या खाणींत घालविलें, त्याला स्वतःच्या मालकीच्या चार हात जमिनीचें मोल काय वाटलें असेल, हें सांगावयास नको.

१९२६ सालीं त्या जागेवर हेन्री आणि त्यांचे चिरंजीव रसेल यांनीं आपल्या हातांनीं पेट्रोल-पंप बांधला. आराखडाहि बापलेकांचाच. पाटी मात्र 'शेल' कंपनीची लागली. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकन सरकारनें देशांतील हमरस्त्यांना क्रमांक दिले आणि शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत आठ प्रांतांतून जाणाऱ्या मार्गाला ६६ हा आंकडा मिळाला. त्याची लांबी सुमारें २,४०० मैल होती. पुढें तिसाव्या सालानंतर हा ६६ क्रमांकाचा रस्ता माउंट ऑलिव्हमधून, सोल्सबींच्या दारावरून वाहूं लागला.

त्या इमारतीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पेट्रोल-पंप प्रथम निघाले ते पत्र्याच्या शेडींत. अशी ओंगळ शेड आपल्या गल्लींत नको, म्हणून शेजारीपाजारी कुरकुर करीत. म्हणून पंपाची इमारत राहत्या घरासारखी बांधावयाची असा प्रघात अमेरिकेंत पडला. उतरतें छप्पर, नीटस खिडक्या, आणि दर्शनीं भागाला पुढें काढलेलें एक छत. गाडी त्या छताखालीं येऊन उभी राहिली कीं पाहुणा ओसरीवर आल्यासारखें वाटे. सोल्सबींचा पंप याच घराण्यांतला आहे. आजूबाजूच्या घरांत तो उठून न दिसतां मिसळून जावा, असाच त्याचा घाट बापलेकांनीं ठेवला. आरंभीं इमारत अगदीं लहान होती. धंदा वाढला तेव्हां १९३७ सालीं तीच पुढें वाढविण्यांत आली.

त्या काळचे पंपहि आजच्यासारखे नव्हते. उंच खांबावर कांचेचें एक मोठें नळकांडें असे आणि त्यावर गॅलनांच्या खुणा कोरलेल्या असत. दुकानदार लांब दांडा मागेंपुढें करून जमिनींतील टाकींतलें पेट्रोल त्या कांचेंत चढवी. गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यांनीं माप दिसे आणि मालाचा रंगहि पारखतां येई. मग नळी सोडली कीं पेट्रोल आपल्याच वजनानें खालीं गाडींत उतरे. पुढें विजेवर चालणारे आणि किंमतीचा आंकडा दाखविणारे पंप आले. यंत्रें बदललीं, पण दुकानदाराचें काम पेट्रोल ओतून संपत नसे. समोरची कांच पुसणें, इंजिनाचें तेल तपासणें, चाकांतील हवा पाहणें आणि पुढील रस्ता कसा आहे तें सांगणें, हें सारें त्यांत येई. यांपैकीं कशाचाहि निराळा पैसा पडत नसे. पेट्रोलवर सुटणारा नफा थोडा. गिऱ्हाईक पुन्हां येतें तें या वरकड सेवेमुळें, हें प्रत्येक शहाण्या पंपवाल्याला ठाऊक होतें.

१९२९ नंतर अमेरिकेवर मंदीची कुऱ्हाड कोसळली. बँका बुडाल्या, कारखाने थंडावले, शेतमालाला भाव राहिला नाहीं. ओक्लाहोमा व शेजारच्या प्रांतांत अवर्षण आणि धुळीचीं वादळें यांनीं कहर केला आणि हजारों शेतकरी कुटुंबें, भांडींकुंडीं व मुलेंबाळें जुन्या मोटारींत भरून, याच ६६ क्रमांकाच्या रस्त्यानें कॅलिफोर्नियाकडे निघालीं. जॉन स्टाइनबेक यांची १९३९ सालीं प्रसिद्ध झालेली 'द ग्रेप्स ऑफ राथ' ही कादंबरी याच वाटेवरील एका कुटुंबाची आहे. अशा दिवसांत रस्त्याकांठच्या दुकानांना मात्र थोडाबहुत आधार राहिला. लोकांनीं अनेक चैनी सोडल्या, परंतु मोटार सहसा सोडली नाहीं. कामाच्या शोधांत का होईना, माणसें हिंडतच होतीं. खाणीला चिकटून राहते तर सोल्सबींचें काय झालें असतें, कोण जाणे. रस्त्याला धरून राहिल्यामुळें त्यांचें घर तगलें.

मग दुसरें महायुद्ध आलें. जपाननें मलाया व डच ईस्ट इंडीज घेतल्यामुळें रबर मिळेनासें झालें. टायर झिजूं नयेत म्हणून १९४२ सालीं अमेरिकेंत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. ज्यांना गाडीची विशेष निकड नाहीं, त्यांना आठवड्याला तीन-चार गॅलनच मिळत आणि वेगाची मर्यादा सबंध देशांत ताशीं ३५ मैल ठरविण्यांत आली. याच युद्धांत रसेल पॅसिफिक महासागराच्या आघाडीवर गेले. तेथें त्यांनीं सैन्याच्या दळणवळण-विभागांत तंत्रज्ञाचें काम केलें, म्हणजे निरोप पोंचविणाऱ्या यंत्रांशीं त्यांचा दिवसरात्र संबंध आला. नव्या यंत्रांची त्यांना उपजतच आवड होती. तिला युद्धानें शिस्त लावली.

परत आल्यावर रसेलनीं जें केलें तें आमच्या मतें या हकीकतीचें मर्म आहे. वडिलांचा पंप सोडून ते दुसरीकडे गेले नाहींत आणि शिकून आलेली विद्याहि त्यांनीं वायां घालविली नाहीं. त्याच इमारतींत त्यांनीं रेडिओ दुरुस्त करण्याचें काम सुरू केलें आणि घरोघरीं टेलिव्हिजन आला तसें तेंहि त्यांत घेतलें. बाहेर गाडी येऊन उभी राहिली कीं हातांतील काम खालीं ठेवून पेट्रोल घालावें, गाडी गेली कीं पुन्हां रेडिओ उघडून बसावें, असा दुहेरी उद्योग चालू झाला. वारसा जसाच्या तसा गोठवून ठेवला तर तो फार दिवस टिकत नाहीं. त्यांत आपल्या पिढीनें कांहीं भर घातली तरच तो जिवंत राहतो.

युद्धानंतर कांहीं वर्षांतच हेन्री निवृत्त झाले आणि दुकान रसेल व त्यांची बहीण ओला या दोघांच्या हातीं आलें. ओलाबाईंचें चित्र आपल्या वाचक भगिनींना विशेष आवडेल. भाऊ गाड्यांकडे पाहतो आणि बहीण आंत बसून हिशेब लिहिते, अशी वांटणी त्यांनीं केली नव्हती. पेट्रोल घालणें, तेल पाहणें, गाडीचें झांकण उघडून आंत डोकावणें, या सर्व कामांत ओलाबाई भावाइतक्याच चपळ होत्या. मोटार हें पुरुषांचें क्षेत्र मानलें जाण्याच्या त्या काळांत एक स्त्री वर्षानुवर्षें हें काम करीत होती. त्याविषयीं त्यांनीं कोठें व्याख्यान दिल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. काम समोर होतें, तें त्या करीत गेल्या.

आणि मग रस्ता हलला. १९५६ सालीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं ४१,००० मैल लांबीच्या नव्या राष्ट्रीय महामार्गांच्या कायद्यावर सही केली. हे रस्ते गांवांना वळसा घालून सरळ, रुंद, न थांबतां धांवण्यासाठीं आंखलेले होते. प्रवाशाच्या दृष्टीनें पाहिलें तर ही मोठीच सोय, आणि अरुंद ६६ वर होणारे भीषण अपघात ज्यांनीं पाहिले होते त्यांना तर हें वरदानच वाटलें. परंतु जुन्या रस्त्याच्या कांठीं ज्यांचीं चूल आणि दुकान होतें, त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. त्या दशकाच्या अखेरीस ५५ क्रमांकाचा नवा मार्ग माउंट ऑलिव्हच्या बाहेरून, सोल्सबींच्या पंपापासून सुमारें मैलभर अंतरावरून गेला. मैलभर म्हणजे कांहींच नाहीं, असें आपल्याला वाटेल. पण ताशीं साठ-सत्तर मैल वेगानें जाणाऱ्याला तो मैल फार लांबचा असतो. रसेल व ओला होते तेथेंच होते. जग मात्र त्यांच्या दृष्टीच्या पलीकडून धांवूं लागलें होतें.

अशा वेळीं शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत कित्येक पंपांना कुलपें लागलीं. खाणावळी ओस पडल्या, मुक्कामाच्या जागांचीं छपरें खचलीं. शेवटीं १९८५ सालीं ६६ हा क्रमांकच सरकारी यादींतून काढून टाकण्यांत आला. नकाशावरून नांव गेलें, म्हणजे कागदोपत्रीं तो रस्ता उरलाच नाहीं. माउंट ऑलिव्हमधील ही भावंडें मात्र त्यानंतरहि सकाळीं दार उघडीत होतीं. गांवांतील ओळखीचीं गिऱ्हाइकें होतीं, रेडिओ-टेलिव्हिजनची दुरुस्ती होती, आणि जागा स्वतःची होती. वडिलांनीं आयुष्याची निम्मी शिल्लक त्या दोन भूखंडांत घातली होती, तिचा खरा अर्थ आतां कळला. दुसऱ्याच्या जागेंत, भाडें भरून हें दुकान चालवावयाचें असतें, तर रस्ता हलतांच तें बहुधा मिटलें असतें.

निष्ठा आंधळी असूं नये, हेंहि या भावंडांच्या वागण्यांत दिसतें. १९८८ सालीं अमेरिकन सरकारनें जमिनींत पुरलेल्या पेट्रोलच्या टाक्यांविषयीं कडक नियम केले. जुन्या लोखंडी टाक्या गंजून झिरपतात आणि त्यांतील पेट्रोल विहिरींच्या पाण्यांत उतरतें, असें ठिकठिकाणीं आढळलें होतें. नियम योग्यच होते, परंतु टाक्या बदलण्याचा खर्च लहान पंपवाल्यांच्या आवांक्याबाहेरचा होता आणि त्या वर्षांत देशभर अनेकांनीं पेट्रोल विकणें सोडलें. सोल्सबींकडेहि १९९१ सालीं पेट्रोलची विक्री थांबली. ज्या वस्तूसाठीं दुकान काढलें ती वस्तूच विकणें बंद झालें, म्हणजे दुकान संपलें असें कोणीहि म्हटलें असतें. तसें झालें नाहीं. दार उघडेंच राहिलें. आल्यागेल्याच्या गाडीचें तेल तपासून द्यावें, थंड पेयाची बाटली पुढें करावी, चार गोष्टी बोलाव्या, हें पूर्ववत् चालू राहिलें.

आतां येणारीं माणसें मात्र निराळीं होतीं. जुन्या ६६ रस्त्याची गोडी लागलेले प्रवासी देशोदेशींहून तो धुंडाळीत येऊं लागले होते. त्यांना पेट्रोल नको होतें, तें तर नव्या मार्गावर हवें तेवढें मिळे. ज्या दुकानांत मालक स्वतः बाहेर येऊन विचारपूस करतो असें दुकान, आणि ज्यांनीं तो सारा काळ एका जागीं उभें राहून पाहिला अशीं माणसें, त्यांना हवीं होतीं. बापाच्या जमान्यांत जें पेट्रोलबरोबर फुकट दिलें जात होतें, तेंच शेवटीं मागें राहिलें आणि त्यासाठींच लोक वांकडी वाट करून येत.

१९९३ सालीं रसेल व ओला यांनीं दुकान कायमचें बंद केलें. सदुसष्ट वर्षें तें एका घरानें चालविलें होतें. १९९६ सालीं ओलाबाई निवर्तल्या. पुढल्या वर्षीं जागा विकली गेली, आणि ती घेतली शेजारच्याच एका गृहस्थानें. १९९९ सालीं रसेल वारले. त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हां ती सरळ दफनभूमीकडे गेली नाहीं. वाटेंत त्या जुन्या पंपाच्या छताखालून तिला नेण्यांत आलें. जेथें गाडी येऊन थांबली कीं रसेल बाहेर येत, त्याच ओसरीखालून ते शेवटचे गेले. असा निरोप गांव कोणालाहि देत नाहीं.

एवढ्यावरच हकीकत संपती, तर ती एका चांगल्या घरण्याची हकीकत म्हणून पुरेशी झाली असती. पण शेजाऱ्यानें ती जागा मोडून कांहीं नवें उभारलें नाहीं. त्यानें आणि या पंपासाठींच निघालेल्या एका मंडळानें २००३ पासून जीर्णोद्धाराला हात घातला. मधल्या काळांत भिंतींवर चढविलेलें प्लॅस्टिकचें आवरण काढून टाकलें, मूळचीं दारें-खिडक्या दुरुस्त केल्या, बाहेरून पुन्हां रंग दिला. जुन्या ६६ रस्त्याच्या खुणा राखण्यासाठीं अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याची एक योजना आहे. तिनें २००४ सालीं खर्चाचा कांहीं वांटा उचलला. त्याच वर्षीं देशांतील ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदींत या इमारतीचें नांव चढलें. राजवाडे आणि रणभूमि यांच्या पंक्तीला एका दुखापत झालेल्या खाणकामगाराचा पेट्रोल-पंप बसला !

आतां आपल्या पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. निष्ठा कीं हट्ट ? आम्हांस वाटतें, सोल्सबी भावंडांच्या चरित्रांत याचें उत्तर आहे, पण तें बाईंना वाटतें तितकें सोयीचें नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं, त्या दोघांनीं दुकान राखलें तें स्वतः उभें राहून राखलें. ओलाबाईंनीं भावाला 'वडिलांचें दुकान मोडूं नकोस' असें दुरून लिहून पाठविलें नाहीं. त्या स्वतः छताखालीं उभ्या राहिल्या, हात काळे करून घेतले, आणि मग दुकान राहिलें. आपण सासरीं किंवा शहरांत सुखानें राहावें आणि वडिलांची आठवण म्हणून भावानें तोट्यांतलें दुकान ओढावें, अशी अपेक्षा असेल, तर ती निष्ठा आपली नव्हे, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेली आहे. बाईंनीं रागावूं नये. त्यांची स्थिति तशी नसेलहि. परंतु हा प्रश्न त्यांनीं भावाला विचारण्यापूर्वीं स्वतःला विचारावा.

दुसरी गोष्ट बंधूंसाठीं आहे. रस्ता गेला म्हणजे धंदा गेला, हा हिशेब बरोबर असला तरी पुरा नाहीं. जागा स्वतःची असेल, डोक्यावर कर्ज नसेल आणि हातांत एखादी दुसरी विद्या असेल, तर त्याच छपराखालीं दुसरा व्यवसाय बसूं शकतो. रसेलनीं पेट्रोलच्या शेजारीं रेडिओ आणून बसविला. वडिलांच्या दुकानांत काय चालत होतें हें सारेच सांगतील. आतां गांवाला काय हवें आहे, हें ज्याला दिसेल त्याच्या हातीं दुकान टिकेल.

आणि तिसरी गोष्ट दोघांसाठीं. सोल्सबींनींहि शेवटीं दुकान बंद केलेंच. आधीं पेट्रोल सोडलें, मग दार लावलें, मग जागा दिली. प्रत्येक गोष्ट तिच्या वेळीं सोडली, आणि ती अशा हातीं पडली कीं तिचा मान राहिला. वारसा हा रक्तांतूनच पुढें जातो असें नाहीं, कधीं कधीं तो शेजाऱ्याच्या हातीं अधिक सुखरूप राहतो. वडिलांनीं उभी केलेली वस्तु विकण्यांत पाप नाहीं. बहीणभावांनीं एकमेकांशीं न बोलतां ती विकणें किंवा न बोलतां ती धरून बसणें, यांत मात्र वडिलांचें मोठें नुकसान आहे. कारण त्यांनीं दुकान कोणासाठीं काढलें होतें ? तुम्हां दोघांसाठींच ना ?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें आज अमेरिकेंत आहेत. शिकागोला मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आईबापांना नव्या ५५ क्रमांकाच्या मार्गानें सेंट लुइसकडे जाण्याचा योग आला, तर माउंट ऑलिव्हपाशीं गाडी जरा आंत वळवावयास सांगावी. मैलभराचाच वळसा आहे. तेथें आतां पेट्रोल मिळत नाहीं. पण एका बापानें बांधलेलें आणि एका भावाबहिणीनें शेवटपर्यंत भांडण न करतां चालविलेलें लहानसें घर तेथें उभें आहे. त्या छताखालीं दोन मिनिटें थांबावें, आणि परत आल्यावर आपल्या भावाला किंवा बहिणीला एक पत्र घालावें.